शेवटच्या फळीचं टोक

लाकडी बोटीच्या शेडमध्ये सर्वांत मोठं भांडण इंजिनावरून होत नाही, शिडावरूनही नाही. ते होतं डेकवरून. तोवर पठाण, म्हणजे बोटीचा कणा, टाकून झालेला असतो, सांगाडा उभा राहून त्याला बाहेरच्या फळ्या लागलेल्या असतात, मालकाचे पैसे संपत आलेले असतात आणि मिस्त्रीचा धीरही. अशा वेळी कुणीतरी चहाचा ग्लास हातात घेऊन सहज विचारतं, "डेकच्या फळ्या कशा टाकायच्या?" आणि दुपारचं काम बंद पडतं.

बाहेरच्याला हा निव्वळ हौसेचा प्रश्न वाटतो. मार्ग मुख्यतः दोन. एक, फळ्या पुढून मागे सरळ, बोटीच्या मध्यरेषेला समांतर टाकायच्या. दोन, बोटीच्या कडेला जो बाक असेल त्याच्याशी समांतर, एकेक फळी वाकवत बाहेरून आत यायचं. पहिला सरळ डेक, दुसरा वळवलेला. प्लायवर कॅनव्हास ताणून रंग मारणारे तिसरे. स्वस्त, हलका आणि न गळणारा डेक त्यांनाच मिळतो. पण त्यांच्याशी कुणी भांडत नाही, म्हणून किस्से त्यांचे नाहीत.

आमच्या खाडीकाठच्या शेडमध्ये नकाशे काढणं आणि मालक व मिस्त्री यांच्यामध्ये उभं राहणं, ही दोन्ही कामं माझ्याकडे. दुसरं काम पगारात धरलेलं नाही.

पुण्याचे एक गृहस्थ वीस फुटी शिडाची बोट बांधून घेत होते. नोकरीतून मोकळे झालेले, हाताशी वेळ, आणि मोबाइलमध्ये भूमध्य समुद्रातल्या जुन्या शर्यतीच्या बोटींचे फोटो. त्यातला एक त्यांनी मिस्त्रींपुढे धरला. पिवळसर सागाच्या पट्ट्या, मधे काळ्या रेघा, सगळ्या पट्ट्या बोटीच्या अंगाबरोबर वळत पुढे गेलेल्या आणि मधल्या रुंद फळीत दातेरी खाचांमध्ये जाऊन थांबलेल्या. "मिस्त्री, अस्संच पाहिजे."

मिस्त्रींनी फोटो मोठा करून पाहिला. दोन बोटांनी फोटो मोठा करायला ते नातवाकडून शिकलेत आणि त्या विद्येचा त्यांना अभिमान आहे. मग म्हणाले, "साहेब, या बोटीवर माणसं किती असतील हो धुवायला?"

गृहस्थांना प्रश्नाचा रोख कळला नाही. मला कळला. मिस्त्रींचं आयुष्य मासेमारीच्या बोटी बांधण्यात गेलं. मासेमारीच्या बोटीवर डेक सरळच असतो, कारण तिथे फळी फुटते, बदलावी लागते, आणि सरळ फळी कुणीही सुतार एका दिवसात बदलून देतो. जाळं ओढताना कुठे काही अडकता कामा नये, बर्फाच्या पेट्या सरकल्या पाहिजेत, माशाचं रक्तपाणी वाहून गेलं पाहिजे. तिथे फळीला वळण देणारा माणूस तांडेलाच्या शिव्या खातो. त्यामुळे मिस्त्रींच्या लेखी वळवलेला डेक म्हणजे ज्यांना धुवायला नोकर ठेवणं परवडतं त्यांचा डेक.

ते अगदीच चुकीचं नाही. लाकडी डेक पूर्वी खरोखरच माणसांच्या जोरावर टिकत असत. मोठ्या आगबोटींवर सकाळी वाळू, पाणी आणि मऊ दगड घेऊन खलाशी गुडघ्यांवर बसायचे आणि डेक घासायचे. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर हे काम करणाऱ्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या होते. घासून घासून फळी झिजते, म्हणून ती मुळातच जाड घेतली जायची. आज आपण प्लायवर सात-आठ मिलिमीटरची सागाची पट्टी चिकटवतो आणि वर तसाच ब्रश चालवतो. तोही रेषांच्या दिशेने. सागाच्या मऊ रेषा त्यात धुऊन निघतात, कडक रेषा वर राहतात आणि दोन-चार वर्षांत डेकवर हात फिरवला की कंगोरे लागतात. घासायचं ते आडवं आणि हलकं. हे प्रत्येक मालकाला सांगितलं जातं आणि प्रत्येक मालक घरी जाऊन उलटं करतो.

असो. वाद मिटेना, तेव्हा आम्ही नेहमीचा उपाय केला. डेकखालचा प्लाय बसवून झाला होता. त्यावर मास्किंग टेप लावून डाव्या अंगाला सरळ फळ्या आखल्या, उजव्या अंगाला वळवलेल्या. टेपचं एक रीळ संपवलं की हजारो रुपयांचा साग वाचतो, हा आमच्या धंद्यातला पक्का हिशेब आहे. कागदावरचा नकाशा इथे कामाचा नाही, कारण डेक सपाट नसतो. तो मधे उंच आणि कडांना उतरता असतो, शिवाय नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, वर चढत जातो. कागदावर देखणी दिसलेली रेघ या दुहेरी बाकावर पोट काढते.

टेप लावून झाल्यावर मिस्त्री खाली बसले आणि प्रत्येक पट्टीचं टोक बघत पुढे सरकले. मालक डेककडे बघत होते आणि मिस्त्री टोकांकडे. नमुना निवडणं म्हणजे काय ते या दोन नजरांमध्येच आहे. फळीचा मधला भाग कुठल्याही नमुन्यात सारखाच असतो. ती संपते कुठे आणि कशी, यावर डेक टिकतो की कुजतो ते ठरतं.

सरळ फळी बोटीच्या गोलाईला भिडते तेव्हा ती तिरकी कापावी लागते. नाळेपाशी कोन मोठा असतो, काम सोपं होतं. मागे सरकाल तसा कोन चिंचोळा होत जातो आणि फळीचं टोक सुरीच्या पात्यागत निमुळतं होतं. अशा टोकात स्क्रू बसत नाही, फाटतं. फटीत कापूस ठोकायला गेलं की टोक उचकटतं. शिवाय तिथे लाकडाच्या नळ्या आडव्या कापल्या जाऊन उघड्या पडतात आणि पाणी पितात. कूज लागते ती इथूनच. म्हणून जुन्या कारागिरांनी टोक बोथट कापायची रीत पाडली. कडेला जी रुंद फळी बोटीभोवती फिरते तिच्यात तेवढ्याच मापाची खाच घ्यायची आणि फळीचं बोथट टोक त्यात बसवायचं. याला निब म्हणतात. तिरका काप फळीच्या रुंदीच्या दुपटीहून लांब जायला लागला की निब घ्यायचीच, असा ढोबळ नियम आहे. आणि बोथट टोक निदान फळीच्या निम्म्या रुंदीचं ठेवायचं. वळवलेल्या डेकमध्ये ही भानगड कडेला होत नाही, मधल्या रुंद फळीपाशी होते. त्या फळीला किंगप्लँक म्हणतात आणि फोटोतल्या त्या दातेरी खाचा म्हणजे या निबाच होत्या.

गृहस्थांना ती नक्षी वाटत होती. गळती थांबवायची ती युक्ती आहे हे ऐकल्यावर ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे फायबरच्या बोटींवर पण असतात त्या?" असतात ना. फायबरच्या डेकवर आता सागासारखं दिसणारं प्लास्टिक चिकटवतात. कारखान्यात मापं पाठवली की काळ्या रेघांसकट, निबांसकट तयार तावच येतात. त्या प्लास्टिकला ना स्क्रू, ना कापूस, ना कुजण्याची भीती. निब तरीही आहे, कारण ती नसली तर गिऱ्हाइकाला डेक 'खरा' वाटत नाही. मला त्या प्लास्टिकबद्दल काही म्हणायचं नाही. एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहा, मग तुम्हीच म्हणाल.

फट भरण्यावरून बोट बांधणाऱ्याला सल्ले देणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. जोशुआ स्लोकम हा पृथ्वीप्रदक्षिणा एकट्याने शिडावर करणारा पहिला माणूस. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फेअरहेवन गावी शेतात पडलेली एक जुनीपुराणी बोट त्याला मिळाली. तिचं जवळजवळ प्रत्येक लाकूड बदलून त्याने 'स्प्रे' बांधली. 36 फूट 9 इंच लांबी. खर्च 553 डॉलर 62 सेंट आणि स्वतःच्या मेहनतीचे तेरा महिने. डेकसाठी त्याने काय निवडलं? दीड इंच जाड आणि तीन इंच रुंद पांढऱ्या पाइनच्या फळ्या, सहा बाय सहा इंचांच्या आडव्या तुळयांवर मोठ्या खिळ्यांनी ठोकलेल्या. नाव घेण्यासारखी नक्षी त्याच्या वर्णनात नाही. तुळयांचं माप मात्र आहे, दोन तुळयांमधलं अंतरही आहे, तीन फूट. ज्याला जग फिरायचं होतं त्याने कुठलं माप लिहून ठेवलं ते बघा.

त्याने फटींमध्ये कापूस भरायला घेतला तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सल्ले सुरू केले. कापूस फटीतून सरकत बाहेर येईल, असं एकाने म्हटलं. मग दुसऱ्याने म्हटलं. ज्याची बुद्धी आताशा डळमळू लागली आहे असं गावात म्हणत, अशा एका जाणकारानेही तेच विचारलं. तेव्हा स्लोकमचा एक जुना कप्तान मित्र ओरडला, अरे मग किती वेगाने सरकेल तेही सांगा, म्हणजे तेवढ्या वेळात आम्ही बंदर गाठू. स्लोकमने आधीच ठरवल्याप्रमाणे कापसावर ताग-दोऱ्याचा थर ठोकला आणि काम पुढे नेलं. 1895च्या एप्रिलमध्ये तो बोस्टनहून निघाला, 1898च्या जूनमध्ये परतला. कापूस सरकला नाही. आमच्या शेडमध्ये कुणी फुकटचा सल्ला दिला की मी हा किस्सा सांगतो. सल्ले थांबत नाहीत, पण चहा सांगितला जातो.

आपल्याकडची याच जातीची गोष्ट 'सुहैली' या बोटीची. ती मुंबईत बांधली गेली हे मराठी वाचकांना फारसं ठाऊक नसतं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटीवर अधिकारी होते. मुंबई आणि इराणचं आखात अशा फेऱ्या असायच्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुंबईत बोट बांधून घ्यायचं ठरवलं आणि इंग्लंडमधल्या एका कंपनीकडून नकाशा मागवला. आला तो भलत्याच बोटीचा. 'एरिक' नावाचा जुना, विल्यम अॅटकिन यांनी काढलेला आराखडा. दोन्ही टोकांना निमुळता, जाडजूड, नॉर्वेच्या बचाव-बोटींच्या घराण्यातला. दुसरा मागवायला वेळ नव्हता. मग त्याचीच बोट बांधली. कुलाब्याला, सागवानाची, आणि हत्यारं म्हणजे वाकस, गिरमिट, करवत. 32 फुटांची ही बोट 1964च्या डिसेंबरात पाण्यात गेली.

1968च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघालेली ही बोट 312 दिवसांनी, 1969च्या 22 एप्रिलला, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. ही प्रदक्षिणा एका शर्यतीचा भाग होती आणि तीत नऊ जण उतरले होते. पूर्ण करणारे नॉक्स-जॉन्स्टन एकटेच. त्यांच्या हकीकतीतला डेकवाल्यांनी लक्षात ठेवावा असा भाग दक्षिण महासागरातला आहे. वादळात बोट आडवी झाली आणि सावरल्यावर पाहतात तर केबिनचा वरचा भाग डेकला जिथे जोडलेला असतो तिथे तडे, तो सगळाच किंचित हललेला. डेकची फळी दगा देत नाही, दगा देते ती डेक दुसऱ्या कशाला तरी भेटतो ती जागा. डेक आणि केबिन, डेक आणि डोलकाठी, डेक आणि कड. नमुना निवडताना मालकाची नजर मोकळ्या मैदानावर असते आणि समुद्राची नजर कुंपणावर.

(तीस-चाळीस वर्षांनी याच गोष्टीला गोव्यात धागा जुळला. दिलीप दोंदे यांनी एकट्याने प्रदक्षिणा करायचं ठरवलं तेव्हा तयारीच्या काळात त्यांनी नॉक्स-जॉन्स्टन यांच्या मोहिमेतल्या किनाऱ्यावरच्या चमूत काम केलं होतं. त्यांची 'म्हादेई' मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. आत लाकडाच्या पट्ट्या, वर फायबरग्लास. 2009-10 मध्ये त्या बोटीने प्रदक्षिणा केली. याच दांडेकरांनी पुढे अजिंठ्याच्या चित्रावरून काथ्याने शिवलेलं 'कौंडिण्य' हे जहाज बांधलं. त्या चित्रात जहाज बाजूने दिसतं, त्यावरचे रांजण दिसतात, शिडं दिसतात. डेकच्या फळ्या कशा टाकल्या आहेत ते दाखवायचं चित्रकाराला कारणच नव्हतं. सुखी माणूस.)

पुण्याच्या बोटीकडे येतो. टोकं तपासत मिस्त्री नाळेपासून मागे आले आणि बैठकीच्या दोन्ही बाजूंना डेकची जी अरुंद पट्टी मागे जाते तिथे थांबले. वीतभरही रुंदी नाही. डाव्या अंगाला सरळ टेप लावल्या होत्या. बोटीची कड बाहेर वळत गेलेली, टेप सरळ चाललेल्या. परिणाम असा की त्या अरुंद पट्टीवर एकही फळी धड पुढून मागे पोचत नव्हती. एक आतल्या कडेत घुसून संपत होती, दुसरी बाहेरून येऊन मधेच सुरू होत होती, आणि प्रत्येकीला दोन्हीकडे ती नको असलेली लांबलचक निमुळती टोकं. उजव्या अंगाला वळवलेल्या टेप कडेबरोबर वाहत, अखंड, मागपर्यंत गेल्या होत्या.

मिस्त्री उठले, गुडघे झटकले. मासेमारीच्या बोटीला अशी अरुंद पट्टी नसतेच, त्यामुळे हे त्यांच्या समोर कधी आलंच नव्हतं. म्हणाले, "साहेब, वळवा. पण दोन इंच पट्टी नाही चालायची. दीड."

आता मालक नाराज. फोटोत पट्ट्या रुंद दिसत होत्या. आधी वळण हवं म्हणून भांडणारे गृहस्थ आता रुंदीसाठी भांडू लागले आणि आधी वळणाला विरोध करणारे मिस्त्री वळणाचे वकील झाले.

मिस्त्रींचं म्हणणं बिनतोड होतं. पट्टी पोटावर वाकवणं सोपं. इथे ती कडेवर वाकवायची असते, म्हणजे तिच्या रुंदीच्या दिशेने. त्याला लागणारा जोर रुंदीच्या घनाने वाढतो. सोप्या भाषेत, 50 मिलिमीटरची पट्टी 40 ची केली की जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. रुंद पट्टी वाकवता येते, पण ती चिकटवल्यावरही सरळ व्हायची संधी शोधत बसते. उन्हाळ्याच्या एका दुपारी ती गोंद सोडते आणि कडेला उचलते. मिस्त्रींना घन वगैरे काही माहीत नाही. त्यांनी एक पट्टी आणून गुडघ्याला लावली आणि मालकांच्या हातात दिली. "तुम्ही वाकवा." दोन इंची पट्टी हलली नाही. दीड इंचीने थोडं ऐकलं. तिथे वाद संपला.

मग साग निवडण्याचं काम. इथे मालक येत नाहीत, कारण हे बघण्यासारखं नसतं. वखारीत उन्हात उभं राहून फळीच्या टोकाकडची वलयं बघायची. वलयं फळीच्या पृष्ठभागाला उभी असतील अशीच घ्यायची. लाकूड पाणी पिऊन फुगतं ते वलयांच्या दिशेने जास्त, वलयांना काटकोनात त्याच्या साधारण निम्मं. उभ्या वलयांची पट्टी त्यामुळे रुंदीला कमी हलते आणि सारखी झिजते. आडव्या वलयांची फळी दिसायला सुंदर, डोंगराडोंगरांची नक्षी. डेकवर तिचे पदर सुटतात आणि अनवाणी पायात कुसळ जातं. वखारवाल्याला मात्र तीच विकायची असते, कारण ती निघते जास्त. दर वेळी तो वरच्या थप्पीतल्या चार फळ्या उभ्या वलयांच्या दाखवतो आणि खालचा माल आडवा भरतो. म्हणून आम्ही खालच्या थप्पीवरून सुरुवात करतो. इतकी वर्षं झाली, दोघांनाही हा खेळ पाठ आहे, तरी कुणी सोडत नाही.

सागाचं आणखी एक दुखणं. त्यात वाळूचे अतिसूक्ष्म कण असतात, रंध्याची धार पाहता पाहता जाते. आणि तेल असतं. त्या तेलामुळे साग कुजत नाही आणि त्याच तेलामुळे गोंद धरत नाही. चिकटवायच्या ऐन आधी अॅसिटोनने पुसायचं, वाळलं की लगेच गोंद. मधे जेवायला गेलात तर परत पुसा, कारण आतलं तेल वर येतं. आमच्याकडचा एक पोरगा जेवणाच्या सुट्टीला फार जपणारा. त्याला मिस्त्री अॅसिटोनचं फडकं फक्त दुपारी दोननंतर देतात.

मोसमाचं गणित यातच येतं. कोकणात आषाढात लाकूड हवेतलंच पाणी पिऊन टम्म होतं. तेव्हा फळ्या टाकल्या की माघात त्या आकसतात आणि फटी वासतात. मे महिन्यात कोरड्याठाक फळ्या घट्ट टाकल्या की पावसात त्या फुगून कडेची फळी बाहेर ढकलतात. जाड फळ्यांच्या जुन्या डेकमध्ये हा ताण एवढा असे की तो सांधे उघडी. आपली पातळ पट्टी प्लायला चिकटलेली, तिची तेवढी ताकद नाही. तरी आम्ही दिवाळीनंतरचा काळ धरतो आणि पट्ट्या आधी महिनाभर शेडमध्ये आडव्या रचून ठेवतो. पुण्याच्या गृहस्थांना गणपतीत बोट पाण्यात टाकायची होती. त्यांना शांतपणे पुढचा गुढीपाडवा सांगितला.

काळ्या रेघांचं काम शेवटी. पॉलिसल्फाइडचं काळं रबर फटीत भरायचं. भरण्याआधी फटीच्या तळाला एक बारीक टेप चिकटवायची असते, जिला रबर धरत नाही. हे कशाला, असं प्रत्येक नवा पोरगा विचारतो. रबर दोन बाजूंच्या लाकडाला चिकटलं की लाकूड आत-बाहेर झालं तरी ते ताणून घेतं. तळालाही चिकटलं तर तीनही बाजूंनी अडकलेलं रबर ताणणार कुठे? ते फाटतं, किंवा एका बाजूने सुटतं. सुटलेली बाजू डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला बरोबर दिसते. एका बोटीचा डेक आमच्याकडे दुरुस्तीला आला होता, कुठे बांधली ते विचारू नका. वरून डेक चकाचक. रेघेत नख घातलं तर रबराची वातीसारखी लांब पट्टी अखंड हातात आली, खाली तळाशी काळं पाणी. टेप वाचवली होती. टेपचं रीळ किती रुपयांचं असतं ते मालकांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

स्क्रू असलेल्या डेकवर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडाची गोल गुडदी बसवतात. तिच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवायच्या, आणि गोंदाऐवजी वार्निशमध्ये बुडवून ठोकायची, म्हणजे उद्या स्क्रू काढायची वेळ आली तर ती फोडून काढता येते. डेक कुणी केला ते ओळखायचं असेल तर नमुना बघू नये, गुडद्या बघाव्यात. चार गुडद्यांच्या रेषा चार दिशांना दिसल्या की मिस्त्री पुढचं काही तपासत नाहीत.

पुण्याच्या बोटीचं ठरलं: वळवलेला डेक, दीड इंची पट्टी, मधे किंगप्लँक, टोकं निबांची. मिस्त्रींनी मजुरी सांगितली. पट्ट्यांची फुटावर, निबांची नगावर. प्रत्येक निब म्हणजे पट्टीचं टोक आणि किंगप्लँकमधली खाच, दोन्ही पटाशीने, कागद शिरणार नाही इतकी जुळणारी. सकाळभर बसलं तरी हातावर मोजण्याइतक्याच होतात. गृहस्थांनी नग गुणिले दर केलं आणि मोबाइल खिशात ठेवला.

"काही कमी करता येतील का हो निब?"

आता हे बघण्यासारखं होतं. ज्या दातेरी नक्षीसाठी हे गृहस्थ महिनाभर भांडले तीच ते घासाघीस करून कमी करायला निघाले होते. मिस्त्रींनी कान खाजवला, थोडा वेळ डेककडे बघितलं आणि म्हणाले, किंगप्लँक चार बोटं रुंद केली तर दोन्ही बाजूंची आतली एकेक पट्टी जाते. म्हणजे दोन निबा वाचल्या. गृहस्थ खूश. दोन नगांचे पैसे वाचले.

मला आत काय चाललंय ते ठाऊक होतं. दोराचा खुंट त्याच किंगप्लँकवर बसायचा होता आणि मूळ रुंदी मिस्त्रींना पहिल्या दिवसापासून कमी वाटत होती. ते नकाशावर मला दोनदा बोललेही होते. रुंद करा म्हणून मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी फोटो काढून दाखवला असता. आता त्यांनी स्वतःच मागून घेतली, वर आभारही मानले.

बोट पाण्यात पडल्यावर गृहस्थांचे एक मित्र आले होते, आर्किटेक्ट. डेकवर उभं राहून त्यांनी किंगप्लँकच्या रुंदीचं फार कौतुक केलं. प्रमाणाची जाण आहे म्हणाले. गृहस्थांनी ती कशी ठरली ते सांगितलं नाही. मिस्त्री तेव्हा खालच्या अंगाला खुंटाचे बोल्ट आवळत होते.